न चाललेला गॅसकटर

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज धक्क्याला लागलेले होते. कॅनडात १९४२ मध्ये बांधलेले हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून २४ फेब्रुवारीला निघाले, कराचीला थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईत आले. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा होता. कराचीला त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड असा माल भरण्यात आला. जळणारे आणि स्फोट होणारे असे जवळजवळ सगळे काही एकाच जहाजात! कप्तान नेस्मिथ यांना हे पसंत नव्हते. पण युद्धाचे दिवस होते आणि जहाजांची टंचाई होती. क्रमांक दोनच्या तळघरात खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी रचना झाली होती.

दुपारी दोनच्या सुमारास या तळघरातून धूर दिसू लागला. बंब आले, पाणी सुरू झाले. वरून ओतलेले पाणी मात्र आगीच्या मुळापर्यंत पोचत नव्हते, आणि दाट धुरामुळे आग नेमकी कोठे आहे तेही कळत नव्हते. पुढे जहाजाच्या बाजूच्या पोलादी पत्र्यावरील रंगाला फोड येऊ लागले. आग पत्र्याच्या पलीकडे तेथेच असणार, हे उघड झाले. मग एक विचार पुढे आला, आणि आमच्या मते त्या दुपारचा तो सर्वांत शहाणपणाचा विचार होता: त्या जागी पत्र्याला बाहेरून भोक पाडावे आणि पाण्याचा फवारा थेट आगीवर सोडावा. त्यासाठी ऑक्सि-ॲसिटिलीनचा गॅसकटर मागवण्यात आला.

कटर आला. पण तो चालला नाही.

जहाजात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले गेले. ते आत उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही मोठा. कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकांवर त्यांची नोंद झाली. आसपासची डझनभर जहाजे गेली. जहाजातल्या सोन्याच्या विटा शहरात दूरवर जाऊन पडल्या. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मरण पावले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह आपण देशभर पाळतो, तो त्यांच्या स्मरणार्थ. युद्धकाळातील निर्बंधांमुळे ही बातमी भारतात छापायला मे महिना उजाडला. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली होती.

कटर चालला असता तर स्फोट टळला असता, असे आम्ही म्हणणार नाही. जहाजावर धोक्याचा लाल बावटा लावलेला नव्हता, निर्णय घेणारे अनेक होते आणि शेवटचा शब्द कोणाचा हे ठरत नव्हते. पण पत्र्याला एक भोक पाडण्यासाठी काय काय जुळून यावे लागते, आणि हाताशी असलेला कटर ऐन वेळी का अडतो, हा प्रश्न आपल्या विज्ञानाच्या तासाला अगदी जवळचा आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातील ज्वलन, वायूंचे नियम, दाब आणि प्रवाह हे सगळे धडे त्या एका हत्यारात एकत्र येतात.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गॅसकटर लोखंड वितळवून कापतो, असे पुष्कळांना वाटते. काही पुस्तकांतही तसे लिहिलेले असते. ते खरे नाही. गॅसकटर लोखंड जाळतो.

ऑक्सिजनमध्ये लोखंडाची तार ठिणग्या उडवत जळते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील रसायनज्ञांना ठाऊक झाले होते. आपणही हा प्रयोग वर्गात करतो. पोलादी तारांच्या चोथ्याचे एक टोक तापवून ऑक्सिजनच्या बरणीत सोडले की तो झगझगीत पेटतो. (बरणीच्या तळाशी वाळू किंवा पाणी ठेवावे, नाहीतर पडणाऱ्या थेंबाने काच तडकते.) पत्र्याचेही तसेच. तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे झळाळत्या लालभडक रंगापर्यंत तापवला आणि त्या जागी शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला, की लोखंड पेट घेते. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. तेथवर जाण्याची गरजच नसते. लोखंडाचे तीन अणू ऑक्सिजनच्या दोन रेणूंशी संयोग पावून चुंबकीय ऑक्साइड बनते आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. हिशेब केला तर एक किलो लोखंड जळताना सुमारे ६,७०० किलोजूल उष्णता निघते. तेवढेच लोखंड थंड अवस्थेपासून वितळवायला सुमारे १,३०० किलोजूल पुरतात. म्हणजे एकदा काप सुरू झाला की पुढच्या धातूला तापवण्याचे बरेचसे काम जळणारे लोखंड स्वतःच करते. तयार झालेले ऑक्साइड पोलादाच्या आधीच, १,४०० अंशांच्या आसपास वितळते, आणि झोताचा जोर ते खाली ढकलून देतो. ॲल्युमिनियमचे नेमके उलटे आहे. धातू ६६० अंशांना वितळतो आणि त्याच्या ऑक्साइडला २,००० अंशांहून अधिक लागतात. म्हणून ॲल्युमिनियम या कटरने कापता येत नाही. स्टेनलेस स्टीलही त्यातल्या क्रोमियममुळे दाद देत नाही.

तेव्हा कटरमध्ये दोन कामे आहेत. बाहेरच्या कड्यातील बारीक ज्योतींनी तापवणे, आणि मधल्या भोकातून येणाऱ्या ऑक्सिजनने जाळणे व जळालेले उडवून देणे. खरे काम दुसरे.

हे हत्यार घडायला मात्र बराच काळ गेला. ॲसिटिलीन वायू एडमंड डेव्ही यांना १८३६ मध्ये प्रथम मिळाला. पण तो स्वस्त झाला १८९२ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील स्प्रे या गावी टॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होते. त्यांना हवे होते कॅल्शियम, पुढे ॲल्युमिनियम काढण्यासाठी. हाती आला एक काळपट दगड. पाण्यात टाकताच त्यातून वायू निघाला आणि तो धुरकट ज्योतीने जळला. हाच कॅल्शियम कार्बाइड. जुन्या जत्रांतील कार्बाइडचे दिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो वासासकट आठवेल. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये ल शातलिए यांनी दाखवले की ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांची ज्योत ३,००० अंशांच्याही वर जाते. रासायनिक समतोलाचा नियम आपण ज्यांच्या नावाने शिकवतो, तेच हे ल शातलिए. पुढे १९०१ ते १९०३ या काळात फुशे आणि पिकार यांनी हाताळता येईल असा टॉर्च केला.

वायू साठवण्याचा प्रश्न वेगळाच होता. ॲसिटिलीन नुसता दाबला तर आपोआप फुटतो. क्लोद आणि हेस यांनी तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवण्याची युक्ती १८९७ च्या सुमारास काढली, आणि ॲसिटोन सच्छिद्र पदार्थात शोषवून सिलिंडरमध्ये भरायचे, ही रीत पडली. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी हा सच्छिद्र पदार्थ सुधारला. १९१२ मध्ये ॲसिटिलीनच्या चाचणीतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी दीपगृहांच्या स्वयंचलित दिव्यांसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजनची बाजू जर्मनीत लिंडे यांनी सांभाळली. द्रव हवेच्या ऊर्ध्वपातनाने ऑक्सिजन वेगळा करण्याचे काम १९०२ मध्ये साधले आणि तो कारखान्यांना परवडू लागला.

जाळून कापण्याची कल्पना मात्र प्रयोगशाळेतून आली नाही, भट्टीवरून आली. झोतभट्टीचे तोंड गोठलेल्या लोखंडाने बंद झाले की ते फोडायला मजुरांना तासन् तास लागत. १९०१ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट मेने यांनी तापलेल्या जागेवर नळीने दाबाखालील ऑक्सिजन सोडून ते मोकळे केले. १९०४ च्या सुमारास बेल्जियमचे फेलिक्स जोत्रां यांनी तापवणारी ज्योत आणि जाळणारा झोत एकाच हत्यारात आणले. १९११ मध्ये हवानाच्या बंदरात बुडालेली ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका बाहेर काढताना तिचे वाकलेले पोलाद याच रीतीने कापले गेले. आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याला इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी निघाली. १९४४ च्या मुंबईत गॅसकटर म्हणजे नवलाची वस्तू नव्हती.

आता अडलेल्या कटरकडे येऊ.

कोणत्याही वर्कशॉपमध्ये गॅसकटरच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातली एक फार नेहमीची असते: ज्योत छान लागते, पत्रा लाल होतो, पण लिव्हर दाबला की झोत मारत नाही. ठिणग्या पत्र्याच्या खालून पडण्याऐवजी वरच्या बाजूला उलट उडतात. वरची कड वितळून गोल होते, खाली स्लॅग चिकटून बसतो आणि काप पलीकडे निघत नाही. ऑक्सिजन कमी पडतो आहे, याची ही खूण. नवखा कारागीर अशा वेळी ज्योत मोठी करतो. त्याने पत्रा आणखी वितळतो, कापला मात्र जात नाही. कारण कमतरता उष्णतेची नसते.

किती ऑक्सिजन लागतो ते मोजून पाहू. १२ मि.मी. जाडीचा पत्रा एक मीटर लांब कापायचा आहे आणि कापाची रुंदी २ मि.मी. आहे असे धरू. जाणाऱ्या लोखंडाचे आकारमान २४ घन सें.मी. आणि वस्तुमान सुमारे १८८ ग्रॅम. वरच्या समीकरणाप्रमाणे १६८ ग्रॅम लोखंडाला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे आपल्याला ७२ ग्रॅम, आकारमानाने ५४-५५ लिटर. प्रत्यक्षात थोडे लोखंड न जळता नुसतेच वाहून जाते आणि थोडा ऑक्सिजन वाया जातो. दोन-सव्वादोन मिनिटांच्या या कामाला साठ-सत्तर लिटर लागतात असे धरायला हरकत नाही. हा हिशेब दहावीच्या मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. मिनिटाला सुमारे तीस लिटर वायू एका सुईच्या भोकातून जायला हवा. वाटेत कोठेही अडथळा आला की काप थांबतो.

वाट कशी आहे? सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, रबरी नळी, टॉर्चचे व्हॉल्व्ह, लिव्हर, नॉझल. जाणता मिस्त्री याच क्रमाने जातो, आणि मध्येच नॉझलमध्ये तार खुपसत नाही.

सिलिंडरपासून सुरुवात. आपल्याकडच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे ४७ लिटर असते आणि तो १५० वातावरणे दाबाने भरलेला असतो. बॉइलच्या नियमाने बाहेर सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ७ घनमीटर. काटा ५० वर आला की तिसरा हिस्सा उरला, हे सरळ आहे, कारण ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायूरूपातच असतो. स्वयंपाकाच्या गॅसला हा हिशेब लागू पडत नाही. तो आत द्रवरूपात असतो, आणि द्रव आहे तोवर दाब जवळपास तोच राहतो. विद्यार्थ्यांना हा फरक विचारून पाहावा. उत्तरे मजेदार येतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा असतो. त्याची रचनाच अशी असते की तो अर्धवट राहिला तर दांडीच्या बाजूने वायू गळू शकतो. ॲसिटिलीनचा मात्र एखादा फेराच उघडतात, म्हणजे संकटात पटकन बंद करता येतो. दोन्हींना एकच सवय लावून घेतलेला माणूस ऑक्सिजनचाही व्हॉल्व्ह एका फेऱ्यावर ठेवतो.

मग रेग्युलेटर. येथे बहुतेकांची फसगत होते, आणि ती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक आहे. टॉर्च बंद असताना गेजवर दाब दिसतो ३. सगळे ठीक आहे असे वाटते. लिव्हर दाबताच काटा १ वर येतो. सोडला की पुन्हा ३. जुनी झालेली बॅटरी व्होल्टमीटरला पूर्ण दीड व्होल्ट दाखवते आणि बल्ब जोडताच कोसळते, तसाच हा प्रकार. वायू वाहत नाही तोवर अडथळ्यामुळे दाब घटत नाही. वाहू लागला की प्रत्येक अडथळा आपला वाटा कापून घेतो. म्हणून दाब नेहमी लिव्हर दाबून, वायू वाहत असताना लावायचा. काटा पडत असेल तर दोष गेजच्या मागे आहे: व्हॉल्व्ह अर्धवट, सिलिंडर रिकामा होत आलेला किंवा रेग्युलेटरच्या तोंडाची जाळी गंजाच्या कणांनी भरलेली. काटा स्थिर राहतो आणि तरीही झोत दुबळा असेल, तर दोष गेजच्या पुढे. एका नजरेत अर्धी वाट तपासून होते. ही विभागणी आम्हाला फार आवडते. विजेच्या मंडलातील दोष शोधताना आपण हेच करतो.

दाब पडला तर नेमके किती बिघडते? नॉझलमधून निघणारा झोत सर्वांत अरुंद जागी ध्वनीच्या वेगाला पोचलेला असतो. अशा स्थितीत दर सेकंदाला जाणारे वस्तुमान आतल्या निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात असते. गेजवरचे ३ म्हणजे निरपेक्ष ४, आणि गेजवरचा १ म्हणजे निरपेक्ष २. म्हणजे ऑक्सिजन निम्मा झाला. १२ मि.मी. पत्र्याला तो पुरत नाही.

पुढची रबरी नळी. ती लांब असते, टायरखाली येते, मुडपते, आणि तिच्यावरून सगळे चालत असतात. आतून तिचे अस्तर सुटून पडद्यासारखे लोंबू लागले तर बाहेरून काहीच दिसत नाही. वेगाने वाहणाऱ्या वायूचा दाब नळीच्या लांबीच्या प्रमाणात घटतो, हे सहज पटते. पण व्यासाचा परिणाम थक्क करणारा आहे: तेवढाच प्रवाह ठेवला तर दाबाची घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ८ मि.मी.ऐवजी ६ मि.मी.ची नळी लावली तर घट चौपटीहून जास्त. गोदीच्या धक्क्यावर सिलिंडर आणि जहाजाच्या बाजूला लोंबकळणारा कारागीर असे चित्र डोळ्यांपुढे आणले, की लांब नळी का महाग पडते ते कळते. हल्ली नळीला ज्योत-रोधक बसवतात. तो हवाच. पण त्यातली सच्छिद्र धातूची चकती काजळीने तुंबते, आणि हा दोष जुन्या मिस्त्र्यांच्या यादीत नसतो.

टॉर्चवर आणखी एक चूक दबा धरून बसलेली असते. वेल्डिंगच्या मुठीला कापण्याचा जोड लावून काम चालते, तेथे ऑक्सिजनचे दोन व्हॉल्व्ह होतात: एक मुठीवर, एक जोडावर. मुठीवरचा पूर्ण उघडायचा आणि ज्योत जोडावरच्याने जुळवायची. उलट केले तर ज्योत अगदी देखणी येते. लिव्हर दाबला की मात्र सगळा ऑक्सिजन मुठीवरच्या त्या अर्धवट उघड्या फटीतून यावा लागतो. झोत दुबळा, आणि ज्योतही बिघडते. हत्यारात काही बिघाड नसतो. घाईत, दुसऱ्याच्या हत्याराने काम करताना हे हमखास होते.

शेवटी नॉझल. मधले भोक १/३२, ३/६४, १/१६ इंच अशा मापांचे असते आणि उडालेल्या स्लॅगचा एक कणही ते अडवतो. ते साफ करायला मापाची सुई असते. ती नसली की लोक खिळा घालतात. भोक मोकळे होते, पण तोंडाशी फाकते. मग झोत सरळ दांडीसारखा न राहता पिचकारीसारखा पसरतो. ऑक्सिजन पुरेसा असूनही काप निघत नाही. ऑक्सिजनची शुद्धताही येथेच जाणवते. ती ९९.५ टक्क्यांवरून एक टक्क्याने घटली, तर कापण्याचा वेग सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो, आणि ९५ टक्क्यांच्या खाली कापणे जवळजवळ थांबते. नायट्रोजन जळत नाही, उरतो, आणि जळणाऱ्या धातूवर पांघरुणासारखा बसतो.

दुबळा ऑक्सिजन ही नुसती गैरसोय नाही. ऑक्सिजनच्या नळीतला दाब ॲसिटिलीनच्या दाबाखाली गेला, तर ॲसिटिलीन टॉर्चमधून उलटा ऑक्सिजनच्या नळीत शिरतो. तेथे तयार झालेल्या मिश्रणाला पुढच्या वेळी ज्योत लागली की ती नळीतून मागे धावते. म्हणून झोत का कमी आहे हे पेटत्या टॉर्चने शोधत बसू नये. दोन्ही बंद करावेत, नळ्या एकेक करून मोकळ्या कराव्यात आणि मग पाहावे. गळती साबणाच्या पाण्याने पाहावी. आटे घट्ट झाले म्हणून तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीवाचूनही पेट घेते.

‘फोर्ट स्टिकीन’च्या पत्र्याला आणखी एक अडचण असती, ती हत्याराच्या बाहेरची. आत शेकडो टन पाणी होते. पत्र्याच्या मागे पाणी किंवा ओला कापूस असेल तर ज्योतीची उष्णता पलीकडे निघून जाते आणि ९०० अंश गाठायला फार वेळ लागतो. कागदाच्या द्रोणात पाणी उकळण्याचा प्रयोग आठवा. अशा जागी कापायचे तर मोठी ज्योत, भरपूर ऑक्सिजन आणि शांत हात, तिन्ही हवेत.

पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावात हे सगळे पाहायला लांब जावे लागत नाही. धानाच्या प्रदेशात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि राईस मिलची दुरुस्ती असते, आणि ती करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात काळा आणि तपकिरी-लाल असे दोन सिलिंडर उभे असतात. काळ्याचे आटे उजवे, लालचे डावे, म्हणजे चुकून अदलाबदल होऊ नये. शिक्षकांनी आधी मिस्त्रींशी बोलून चार-पाच विद्यार्थ्यांना न्यावे, लांब उभे करावे आणि काळ्या काचेशिवाय ज्योतीकडे पाहू देऊ नये. पाहायचे एवढेच: लिव्हर दाबताना गेजचा काटा किती पडतो, ठिणग्या कोठून उडतात, आणि एका पत्र्याला किती सेकंद लागले. मिस्त्रींना ‘पाचवा घात’ म्हणून माहीत नसेल. पण बारीक नळी का घेत नाही, असे विचारले तर ते नेमके उत्तर देतील. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनचे मिश्रण शाळेत तयार करण्याचा मोह मात्र टाळावा. फुग्यात भरलेले थोडेसे मिश्रणही कान फाडते आणि हात भाजते.

मुंबईच्या त्याच पूर्व किनाऱ्यावर, गोद्यांच्या उत्तरेला, दारूखाना आहे. नाव जुन्या दारूगोळ्याच्या कोठारावरून पडले, आणि तेथे आता जहाजे तोडतात. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रान्त’ १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये साठेक कोटी रुपयांना विकली गेली. त्या नोव्हेंबरपासून दारूखान्यात तिचे तुकडे पडले, ते गॅसकटरनेच. त्यातले काही पोलाद २०१६ मध्ये एका मोटारसायकलीत गेले, हे वाचकांनी जाहिरातींत पाहिले असेल.

अलीकडे जहाजतोडणीत आणि गावोगावच्या दुकानांतही ॲसिटिलीनच्या जागी एलपीजी आले आहे. ज्योत तुलनेने थंड असते, त्यामुळे पत्रा लाल व्हायला वेळ अधिक लागतो. पण एकदा काप सुरू झाला की वेग जवळपास तेवढाच राहतो, कारण कापणारा वायू बदललेला नाही. एलपीजीच्या ज्योतीला मात्र स्वतःसाठीच आकारमानाने सुमारे चौपट ऑक्सिजन लागतो, ॲसिटिलीनला जेमतेम बरोबरीचा. म्हणून एलपीजी जोडलेल्या कटरवर ऑक्सिजनचा सिलिंडर लवकर उतरतो, आणि पूर्वी चालून जाणारी बारीक नळी किंवा अर्धवट तुंबलेली जाळी आता पहिल्याच कापाला जाणवते.